किती तास बसायचंय? दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाचा वेळ घरच्या घरी कसा काढायचा

आमच्या घरात कोणाचंही विमानाचं तिकीट निघालं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती तास बसायचंय गं?" भाडं किती, जेवण देतात का, हे सगळं नंतर. तिचे गुडघे धरतात, शुगरच्या गोळ्या चालू आहेत, दर तासाला उठावं लागतं, त्यामुळे तिच्यासाठी तास हीच खरी गोष्ट. पहिल्यांदा दादाकडे लंडनला निघाली तेव्हा मी तिकीट बघून घाईघाईत सांगून टाकलं, दुपारी एकला सुटतं, सव्वापाचला पोचतं, म्हणजे चार-सव्वाचार तास. त्या हिशोबाने तिने पर्समध्ये दुपारची एकच गोळी ठेवली आणि बाकीची स्ट्रिप मोठ्या बॅगेत टाकली, जी विमानाच्या पोटात गेली. विमान जवळजवळ दहा तास चालू होतं. रात्रीची गोळी थेट दादाच्या घरी पोचल्यावर घेतली, सुदैवाने काही झालं नाही, पण मला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि तेव्हापासून मी वेळ स्वतः काढायला लागले. आता नात्यातले, सोसायटीतले सगळे मलाच विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी एक गोंधळ मिटवू. "मुंबई-लंडन किती लांब आहे" याचं उत्तर एक नसतं. नकाशावरचं सगळ्यात जवळचं अंतर एक, विमान प्रत्यक्षात जितकं उडतं ते दुसरं, आणि वेळेत पण तसंच, चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ वेगळा, गेटवरून हलल्यापासून समोरच्या गेटला लागेपर्यंतचा वेगळा, आणि घराच्या दारापासून दाराचा तर फारच वेगळा. नेटवर शोधलं की यातलं काहीतरी एक समोर येतं आणि आपण तेच खरं धरून चालतो. म्हणून एकेक करत जाऊ.

शहर नको, विमानतळ पकडा

अंतर मोजायचं ते विमानतळापासून विमानतळापर्यंत. पूर्वी याने फार फरक पडायचा नाही पण आता पडतो. गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी वास्कोजवळ आणि २०२३ च्या जानेवारीपासून मोपा, जे पार उत्तरेला पेडण्यात आहे. सावंतवाडी-मालवणकडच्या माणसाला मोपा सोयीचं, मडगावच्या माणसाला दाबोळी, आणि तिकीट काढताना दोन्हीला "गोवा"च लिहिलेलं असतं. मुंबईचं पण आता तसंच झालंय, नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, त्यामुळे पुण्याहून किंवा पनवेलहून निघणाऱ्याने तिकिटावर नेमकं कुठलं ते बघायलाच हवं. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन अशी रांगच आहे. हवेतल्या अंतरात याने फार तर चाळीस-पन्नास किलोमीटर इकडेतिकडे होतील, पण खाली उतरल्यावर टॅक्सीत बसून दोन तास जातील.

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो, मुंबई बीओएम, पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी, दिल्ली डीईएल, हीथ्रो एलएचआर. तिकिटावर हा कोड छापलेला असतोच, पुढे सगळीकडे तोच टाकायचा म्हणजे चूक होत नाही.

अंतर: दोऱ्याने, पायथागोरसने किंवा कॅल्क्युलेटरने

सगळ्यात सोपी आणि मला सगळ्यात आवडती पद्धत म्हणजे पृथ्वीचा गोल आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. आमच्याकडे भाच्याचा शाळेतला गोल आहे, तीस सेंटीमीटर व्यासाचा. त्याचा पूर्ण घेर होतो साधारण ९४ सेंटीमीटर आणि पृथ्वीचा घेर आहे ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरायचं, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणायचा. ताणला की तो आपोआप सरकून सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. पट्टीवर मोजला तर १७ सेंटीमीटर भरतो. १७ गुणिले ४२५, म्हणजे ७,२२५. खरं अंतर ७,२१० च्या आसपास आहे. शिवणाच्या दोऱ्याने इतकं जवळ येतं हे मी आईला करून दाखवलं तेव्हा तिने स्वतः परत तीनदा मोजलं.

दोऱ्याचा अजून एक फायदा म्हणजे वाट दिसते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. गोलावर दोरा ताणला की तो वर चढतो, रशियावरून, आणि त्याचा बरोब्बर मध्य येतो स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रावर. त्यामुळे अमेरिकेला जाताना सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान एवढं उत्तरेला का चाललंय असं वाटून घाबरायचं कारण नाही, तीच जवळची वाट आहे. बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को घेतलं तर दोरा सायबेरियावरून पार आर्क्टिक समुद्राच्या काठापर्यंत चढतो, आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला त्याहूनही वर, थेट उत्तर ध्रुवावरून आणलं होतं, सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आणि वेळ जवळपास १७ तास.

भारतातल्या भारतात मोजायचं असेल तर दोरा फार छोटा पडतो, तिथे दहावीचं पायथागोरस पुरतं. गुगल मॅप्सवर विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. पुणे विमानतळ १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, कुठेही गेलात तरी जवळजवळ तेवढाच. फरक ९.९९ अंश, म्हणजे १,१०९ किमी. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून वर जाताना आकसत जातो, म्हणून १११ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश २३.६, त्याचा कोसाइन ०.९१६, फरक ३.१८ अंश, गुणाकार येतो ३२३ किमी. आता दोन्हीचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: १,१५५ किलोमीटर. झालं पुणे-दिल्ली.

अशाच पद्धतीने मुंबई-नागपूर काढलं तर साधारण ६८० किलोमीटर येतं. रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर ८३७ आहे. आणि समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, तो भिवंडीजवळ आमणेपासून मोजतात हे खरं, पण तरी तो रस्ता किती सरळ आखलाय ते या एका तुलनेतून कळतं.

लांबच्या शहरांसाठी पायथागोरस चालत नाही कारण जमीन गोल आहे. त्यासाठी एक सूत्र आहे, फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा केला की साइन-कोसाइन दिसतात (अंशांच्या मोडवर आहे ना ते आधी बघा, नाहीतर उत्तर भलतंच येतं). दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन अशा तिघांचा गुणाकार करा. दोन्ही मिळवा, आलेल्या आकड्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या, आणि त्याला १११.२ ने गुणा. मुंबई १९.०९ आणि ७२.८७, हीथ्रो ५१.४७ आणि उणे ०.४५, कारण ते शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला आहे. रेखांशातला फरक ७३.३२. पहिला गुणाकार ०.२५५८, दुसरा ०.१६८९, बेरीज ०.४२४७, उलटा कोसाइन ६४.८७ अंश, गुणिले १११.२ म्हणजे ७,२१३ किमी. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, त्यामुळे यात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते, आपल्या कामासाठी तेवढी चालते.

आणि हे काहीच नको असेल तर कॉम्प्युटरवर गुगल मॅप्समध्ये राइट क्लिक करून मेझर डिस्टन्स (अंतर मोजा) घ्या, किंवा ग्रेट सर्कल मॅपर या साइटवर दोन कोड टाका, सेकंदात उत्तर. पण एकदा तरी हाताने करून बघा असं मी मनापासून सांगेन, मग पुढे कुठल्याही साइटने चुकीचा आकडा दिला तर लगेच खटकतो.

परदेशी साइटवर अंतर बहुतेक वेळा मैलात असतं, आणि विमानाच्या जगात तर नॉटिकल मैलात. साधा मैल १.६०९ किमी, नॉटिकल मैल १.८५२ किमी. मैल बघून किलोमीटर समजलं की सगळंच गंडतं.

विमान त्या रेघेवरून जातं का?

जवळजवळ कधीच नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मुंबई-लंडनचा दोरा परत ताणा आणि खाली काय काय येतं ते वाचा: सौराष्ट्राची किनारपट्टी, पाकिस्तानातलं बलुचिस्तान, इराण, बरोबर मध्यावर जॉर्जिया-आर्मेनियाची हद्द, मग काळा समुद्र, युक्रेन, पोलंडची बाजू, जर्मनी. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, आपणही त्यांना बंद केली. त्याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. मग विमान मुंबईहून निघून आधी अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेने जातं आणि तिथून वर वळतं, आणि आखातात किंवा इराणच्या बाजूला काही तणाव असला की अजून एक वळसा. म्हणजे ७,२१० चे सहज पावणेआठ हजार होतात.

पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांना होती, युरोपातल्या कंपन्यांना नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच जातीच्या विमानाने, दोन कंपन्यांच्या वेळेत फरक दिसू शकतो, दिल्लीहून उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे जाणाऱ्या फ्लाइट्सना जास्तच. वयस्कर माणूस जाणार असेल तर मी हा फरक भाड्याच्या आधी बघते.

देशातल्या देशात वळसा कमी, साधारण चार-पाच टक्के. काही आकाश हवाई दलाचं असतं, पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचंच विमानतळ आहे, आणि धावपट्टीला लागायला विमानाला ठरावीक दिशेने फिरून यावं लागतं. मुंबईला तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी पुढच्या विमानांना वरती चकरा मारत थांबवतात. खिडकीतून तोच समुद्र आणि तोच किनारा परत परत दिसायला लागला की समजायचं आपला नंबर यायचाय.

आता वेळ

माझी रीत अशी. देशातली छोटी विमानं, म्हणजे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७, वर गेल्यावर ताशी ८३० च्या आसपास उडतात. लांब पल्ल्याची ७८७, ७७७, ए३५० ही ९०० च्या आसपास. आणि पंख्यांचं एटीआर ५०० च्या आसपास, त्यामुळे छोट्या गावाचं तिकीट काढताना विमान कुठलं ते बघा, नाहीतर कमी अंतराला एवढा वेळ का असं वाटत राहतं.

देशातल्या प्रवासासाठी: सरळ अंतर भागिले ८००, अधिक ४० मिनिटं. बस. पुणे-दिल्ली १,१५५ भागिले ८०० म्हणजे १ तास २७ मिनिटं, अधिक ४०, दोन तास सात मिनिटं. वेळापत्रकात साधारण दोन तास दहा मिनिटांच्या आसपासच दिसेल. मुंबई-नागपूर ६८० भागिले ८००, ५१ मिनिटं, अधिक ४०, दीड तास.

ही ४० मिनिटं कशाची? गेटवरून मागे ढकलून धावपट्टीपर्यंत जाणं आणि रांगेत थांबणं, मोठ्या विमानतळावर यातच पाव तास जातो. वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, १०,००० फुटांच्या खाली साधारण २५० नॉट्स म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच. उतरल्यावर परत गेटपर्यंत रांगत जायचं. ही मिनिटं दोनशे किलोमीटरला पण लागतात आणि बारा हजारला पण, म्हणून छोट्या प्रवासात "ताशी ८०० ने अर्ध्या तासात" हा हिशोब कधीच बसत नाही.

लांबच्या प्रवासासाठी: सरळ अंतरात आधी सात-आठ टक्के वळसा मिळवा. मग पश्चिमेला जाताना ८५० ने भागा, पूर्वेला येताना ९३० ने, आणि दोन्हीकडे ४० मिनिटं मिळवा. मुंबई-लंडन: ७,२१३ मध्ये आठ टक्के मिळवले की ७,७९०. भागिले ८५० म्हणजे ९ तास १० मिनिटं, अधिक ४०, नऊ तास पन्नास मिनिटं. येताना ७,७९० भागिले ९३०, आठ तास वीस-बावीस मिनिटं, अधिक ४०, म्हणजे नऊ तास. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार, सात टक्के मिळवले की १३,४०० च्या जवळ, त्याला जाताना साडेसोळा तासाच्या आसपास आणि येताना पंधरा.

जाताना जास्त आणि येताना कमी, याचं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तो उत्तर भारतावर असतो आणि त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. पूर्वेला येणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो, पश्चिमेला जाणाऱ्याला समोरून अडवतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत हा फरक जास्त वाढतो. बरेच जण म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, तसं नाहीये, हवा पृथ्वीबरोबरच फिरते, तिच्यातला हा वेगळा वारा तेवढा मोजायचा.

वाऱ्याची ताकद किती असते त्याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं विमान नेहमीच्या अटलांटिकच्या वाटेऐवजी उलट, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. वाट १,४०० किलोमीटर लांबची, एकूण १५,००० च्या वर, आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, कारण वारा पूर्ण वाटेवर पाठीशी होता. म्हणजे जास्त किलोमीटर म्हणजे जास्त वेळ हे सुद्धा दरवेळी खरं नाही.

आपला आकडा काढून झाला की तो तपासायचा. फ्लाइटराडार२४ या विमानं दाखवणाऱ्या साइटवर फ्लाइटचा नंबर टाका, गेल्या काही दिवसांत ते विमान खरंच किती वाजता उडालं आणि टेकलं ते दिवसावार दिसतं. मी सात दिवसांचे आकडे बघते, त्यातला सगळ्यात मोठा धरते. लक्षात ठेवा, तिथला वेळ उडण्यापासून टेकण्यापर्यंतचा असतो आणि तिकिटावरचा गेटपासून गेटपर्यंतचा, त्यामुळे दोन्हीत अर्धा तास-पाऊण तास फरक येणारच. शिवाय कंपन्या उशीर दिसू नये म्हणून वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटं घालून ठेवतात, त्यामुळे उशिरा सुटलेलं विमान पण कधीकधी वेळेवर पोचतं.

तिकिटावरच्या घड्याळाचं गणित

माझी चूक झाली ती इथे. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. वजाबाकी करायच्या आधी दोन्ही एकाच घड्याळात आणा, आणि मी तरी सगळं भारताच्या वेळेत आणते कारण घरी बसलेल्यांना तेच कळतं.

भारत जागतिक प्रमाण वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढे. लंडन हिवाळ्यात शून्यावर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा साडेचार तास मागे. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि त्यांच्या तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही म्हणून हे पटकन विसरायला होतं.

उदाहरण घ्या. जानेवारीत मुंबईहून १३:०० ला निघालं, लंडनला १७:२० ला पोचलं. १७:२० मध्ये साडेपाच तास मिळवा, भारतातले २२:५०. वजा १३:००, नऊ तास पन्नास मिनिटं. तेच विमान जुलैमध्ये १८:२० ला पोचतंय असं दिसेल आणि वाटेल एक तास वाढला, पण साडेचार मिळवले की परत २२:५०. येताना लंडनहून २०:३० ला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी ११:००, बघताना साडेचौदा तास वाटतात, साडेपाच वजा केले की नऊ. मुंबई-न्यूयॉर्क रात्री १:३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला, सहा तास दिसतात, हिवाळ्यात त्यात साडेदहा मिळवायचे, साडेसोळा होतात.

वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात अधिक एक लिहिलेलं असतं, ते म्हणजे पुढचा दिवस. ते बघितलं नाही तर घ्यायला येणारा माणूस एक दिवस आधी विमानतळावर जाऊन उभा राहतो.

आणि सगळ्यात धोक्याचं, मध्यरात्रीनंतरचं विमान. तिकिटावर १५ तारीख, ००:४० लिहिलं असेल तर घरातून निघायचं १४ तारखेला संध्याकाळी. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी अशाच तिकिटाला १५ च्या रात्रीची गाडी सांगून ठेवली होती, लेकीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या, लाडू-डिंक सगळं बांधून तयार. मी १३ तारखेला सहज तिकीट बघायला मागितलं म्हणून कळलं. तेव्हापासून मी कोणाचंही तिकीट बघताना तारीख मोठ्याने वाचते आणि "म्हणजे अमुक वारी संध्याकाळी घर सोडायचं" असं म्हणवून घेते.

मध्ये थांबा असेल तर

डायरेक्ट विमान नसेल किंवा महाग असेल तर लोक आखातातून जातात. अंतराच्या हिशोबाने ते अजिबात वाईट नाही. मुंबई-दुबई साधारण १,९३० किमी, दुबई-लंडन ५,५००, मिळून ७,४३०, म्हणजे सरळ रेघेपेक्षा सव्वादोनशेच जास्त. वेळ खातो तो थांबा. दोन्ही टप्प्यांचे तास वेगवेगळे काढा, मधला थांबा त्या गावच्या घड्याळात वजाबाकी करून काढा (तो एकाच गावात असतो म्हणून तिथे घड्याळ बदलायची गरज नाही), आणि तिन्ही मिळवा.

थांबा फार कमी पण नको. मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वीस-पंचवीस मिनिटं चालायला लागतं, परत सिक्युरिटी असते. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनी करते, वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर नुकसान आपलं, त्यामुळे आईवडिलांसाठी मी वेगळी तिकिटं कधीच काढत नाही. दोन-अडीच तासांच्या खाली थांबा असेल तर व्हीलचेअर सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. आणि अमेरिकेत पुढे अजून एक विमान असेल तर इमिग्रेशन सहसा पहिल्या अमेरिकन विमानतळावरच होतं, तिथे बॅगा पट्ट्यावरून घेऊन परत द्याव्या लागतात, म्हणून तिथला थांबा तीन तासांच्या खाली मी घेत नाही.

घरापासून घरापर्यंत, आणि पर्समधली चिठ्ठी

शेवटचा हिशोब हाच आईसाठी खरा. मागच्या वेळचा असा झाला: पुण्यातून गाडीने मुंबई विमानतळ, लोणावळ्याचा घाट आणि ट्रॅफिक धरून पाच तास. विमानाच्या तीन तास आधी तिथे. विमानात नऊ तास पन्नास मिनिटं. तिकडे इमिग्रेशन, बॅगा, दीड तास. दादाचं घर अजून सव्वा तास. एकूण वीस तास पस्तीस मिनिटं. आणि आपण म्हणतो लंडन दहा तासांवर आहे.

हा एकूण आकडा हातात असला की बाकीचं सोपं होतं. डॉक्टरांकडे जाताना मी "लंडनला चाललीय" एवढंच सांगत नाही, घर सोडायची वेळ, विमानातले तास आणि पोचायची वेळ सगळी भारतीय वेळेत लिहून नेते, मग कुठली गोळी कधी आणि तिकडचं घड्याळ कधी धरायचं ते तेच लिहून देतात. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या, त्या पण एकूण तासांच्या दुप्पट पुरतील एवढ्या, हातातल्या पर्समध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट.

पर्सच्या पुढच्या कप्प्यात एक पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी असते, मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी वाचता येईल अशी. डावीकडे "घरचं घड्याळ", उजवीकडे "तिकडचं घड्याळ". त्याखाली दोनच रकाने, १३:०० आणि ७:३०, १५:०० आणि ९:३०, असं दोन-दोन तासांनी पोचेपर्यंत. जिथे गोळी आहे तिथे लाल टिंब, जिथे उठून चालायचंय तिथे हिरवं. आईच्या हातात तिचं जुनं एचएमटी असतं, ते ती दादाच्या घरी पोचेपर्यंत बदलत नाही, भारताच्याच वेळेवर ठेवते आणि डावा रकाना बघत जाते.

घ्यायला जाणाऱ्याला वेगळा मेसेज करायचा: फ्लाइट नंबर, तिकडच्या घड्याळात टेकायची वेळ, आणि बाहेर यायला त्यापुढे एक ते दीड तास. विमान उडालं की मी फ्लाइटराडारवर बघते, ते छोटं पिवळं विमान अरबी समुद्रावर आलं की दादाला स्क्रीनशॉट पाठवते आणि तो तिथून नवी पोचायची वेळ बघून घर सोडतो.